खाडीकाठचा चपलांचा बगळा

भाईंदरच्या जेसल पार्कच्या टोकाला, जिथं रस्ता संपतो आणि खाडी सुरू होते, तिथं दोन हजार सालानंतरची काही वर्षं एक दहा फुटी पांढरा बगळा उभा होता. जुन्या, फेकून दिलेल्या चपलांचा. तो मी केला असं महापालिकेच्या कागदावर लिहिलेलं होतं. खरं सांगायचं तर तो आम्ही चौघांनी केला. चौघांत चित्रकला येत होती फक्त मला, पण उरलेल्या तिघांचं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं.

मी तेव्हा भाईंदर पूर्वेच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. वर्षानुवर्षं एक तांब्या, एक कांदा आणि दोन वांगी टेबलावर मांडून मुलांकडून स्थिरचित्र काढून घ्यायचं, वांगी घरी आणून भाजी करायची, असा माझा कलाव्यवहार. दिवाळीची सुट्टी संपल्यावर एक दिवस महापालिकेचे एक आरोग्य निरीक्षक आमच्या मुख्याध्यापिकाबाईंकडे आले. गोल चेहऱ्याचे, सारखं कपाळ पुसणारे गृहस्थ. खाडीकाठ साफ करायची मोहीम चालू होती. निघालेल्या कचऱ्यातूनच काहीतरी शिल्प करून ते काठावर उभं करायचं, म्हणजे लोक थांबून बघतील आणि पुढच्या वेळी पिशवी भिरकावताना जरा विचार करतील, असं वर ठरलं होतं.

"बाहेरचा मोठा कलाकार आणण्यापेक्षा आपल्याच गावातल्या कुणीतरी करावं, असं साहेबांचं म्हणणं पडलं," ते म्हणाले.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं आणि माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "या करतील." मला कुणी विचारलं नाही. पण मी नाहीही म्हटलं नाही. कॉलेजात असताना मातीकाम माझ्या आवडीचं होतं. त्यानंतर लग्न, मुलगी, नोकरी, गिरगावातली खोली विकून भाईंदरला येणं, यात हाताला माती लागली ती फक्त कुंडीतल्या तुळशीची.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक मला कचरा दाखवायला घेऊन गेले. काठावर पुरुषभर उंचीचा ढीग होता. बाटल्या, थर्माकोल, फुटक्या बादल्या, निर्माल्याच्या गाठी मारलेल्या पिशव्या. ढिगाच्या माथ्यावर दोन बगळे एकेका पायावर उभे होते, आपल्या बापाची जागा असल्यासारखे.

"बाटल्यांचा मासा करा ना," निरीक्षक म्हणाले. "सगळीकडे तोच करतात."

"सगळीकडे करतात ना, मग आपण नको करूया," मी म्हटलं. माझं लक्ष दुसरीकडेच होतं. त्या ढिगात मी कधी कल्पनाही केली नसती इतक्या चपला होत्या. जोडी एकीचीही नाही, सगळ्या एकेकट्या. आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त साध्या पांढऱ्या रबरी, निळ्या पट्ट्याच्या हवाई चपला. मी एक उचलून काठीने चिखल खरवडला. खालचा रंग पिवळसर पांढरा निघाला. वर उभ्या असलेल्या बगळ्याचा होता अगदी तसाच. त्याच वेळी ठरलं.

सफाई करणाऱ्या बायकांना मी चपला तेवढ्या वेगळ्या ठेवायला सांगितलं. आठवडाभरात त्यांनी अकरा गोण्या भरून ठेवल्या आणि एका संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीतून त्या आमच्या इमारतीच्या दारात उतरवल्या.

आता माझ्या सासऱ्यांविषयी सांगायला हवं. बाबांनी टपाल खात्यात पस्तीस वर्षं पत्रं लावायचं काम केलं होतं. लाकडी खणांच्या भिंतीसमोर उभं राहायचं, पत्रावरचा पत्ता वाचायचा आणि ज्या त्या गावाच्या खणात ते टाकायचं. सासूबाई गेल्यावर दोन वर्षांत आम्ही गिरगाव सोडलं. तिथं चाळीच्या गॅलरीत उभं राहिलं की खाली दहा माणसं हाक मारायची. इथं चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ते सकाळी पेपर घेऊन बसत आणि दुपारी तोच पेपर परत वाचत. खाली फिरून या म्हटलं की म्हणायचे, "खाली कोण आहे माझं?" शेजारी गुजराती, समोर मारवाडी, वर उत्तर प्रदेशातलं कुटुंब. सगळे चांगले होते, पण बाबांचं हिंदी म्हणजे मराठी वाक्याला शेवटी 'है' लावलेलं. त्यांना त्याची लाज वाटायची, म्हणून ते बोलायचेच नाहीत.

आणि चपलांच्या बाबतीत ते फार कडक. आमच्या घरात पाहुणा कितीही मोठा असो, चपला दाराबाहेरच.

गोण्या आल्या तेव्हा ते बाल्कनीतूनच म्हणाले, "सूनबाई, हे काय आहे?"

मी वर जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"लोकांनी फेकलेल्या चपला. त्या तू धुणार."

"हो."

"आणि त्यांचा पक्षी करणार."

"हो, बाबा."

"करा. पण एकही चप्पल उंबऱ्याच्या आत येणार नाही."

माझा नवरा म्हणजे त्यांचाच मुलगा. त्याने माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि तो टीव्हीकडे वळला. इमारतीचे सेक्रेटरी गुजराती गृहस्थ होते. त्यांनी डोक्याला हात लावला, पण महापालिकेचं पत्र दाखवल्यावर तळमजल्यावर गाड्या लावायच्या जागेचा एक कोपरा दिला. "बहेन, बस वास नहीं आना चाहिए," एवढीच त्यांची अट.

वास यायचाच. शाळेतून आले की मी मोठ्या टपात सोडा घालून चपला भिजत घालायची आणि ब्रशने घासायची. पहिल्या आठवड्यात दोन गोण्या झाल्या आणि माझी कंबर गेली. धुतलेल्या चपला मी तशाच जमिनीवर पसरून ठेवायची. बाबा वरून बघत असायचे. एक दिवस चहाला वर गेले तर म्हणाले, "त्या अशा पसरून ठेवल्यास तर तुला हवी ती सापडणार कशी?"

"शोधीन."

"शोधण्यात जन्म जाईल."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर बाबा खाली होते. पायजम्याचे पाय वर दुमडलेले, पायाशी वर्तमानपत्र अंथरलेलं. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून त्यांनी साबणाचे रिकामे खोके मागून आणले होते आणि भिंतीला टेकवून एकावर एक रचले होते. चार रांगा, प्रत्येकीत सहा खण. प्रत्येक खणावर खडूने लिहिलेलं: डावी मोठी पांढरी, डावी लहान पांढरी, उजवी मोठी पांढरी. रंगीत वेगळ्या. बायकांच्या टाचेच्या वेगळ्या. अगदी खालच्या खणावर लिहिलं होतं 'संशयित'.

"संशयित म्हणजे?" मी विचारलं.

"पत्ता लागत नाही ती. डावी की उजवी तेच कळेना."

ते चपला उचलत, एकदा उलटून पाहत आणि खणांकडे न बघता बरोबर खणात टाकत. हात इतके भराभर चालत होते की मी उभी राहून बघतच राहिले. पस्तीस वर्षांचं काम आणि त्याआधी मी ते कधी पाहिलं नव्हतं.

माझं स्वतःचं काम मात्र अडलं. मी लाकडाच्या फळीवर जाळी ठोकून नमुन्यादाखल एक पंख केला, त्यावर बाजारातला चिकट गोंद लावून कौलांसारख्या एकावर एक चपला बसवल्या. दिसायला सुंदर झाला. उन्हात वाळायला ठेवला. दुपारी परत आले तर पंखाची पिसं खाली पडलेली आणि वरच्या मजल्यावरची बाई वरून विचारत होती, "दीदी, ये सेल है क्या?"

स्टेशनच्या पूर्वेला, रिक्षा स्टँडच्या मागे, चपला शिवणारे एक काका बसायचे. सांगलीकडचे, वय बाबांच्या आसपासच. मी तो पंख रिक्षात घालून त्यांच्याकडे नेला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, एक चप्पल ओढून पाहिली आणि ती लगेच हातात आली.

"बाई, हे चिकटवून भागायचं न्हाई," ते म्हणाले. "रबर हाय. उन्हानं पसरतंय, थंडीनं आखडतंय. शिवायला पायजे."

"मला शिवता येत नाही."

"मला येतंय की." त्यांनी पंख बाजूला ठेवला. "पण हे काय म्हणायचं?"

"बगळ्याचा पंख."

त्यांनी परत एकदा पाहिलं. मग हसायला लागले. त्यांचे खांदे हलत होते पण आवाज नव्हता. "आयुष्य गेलं चपला शिवण्यात," ते म्हणाले, "पाखरू कुणी सांगितलं न्हवतं."

सोमवारी त्यांच्याकडे गिऱ्हाईक कमी असायचं, तेव्हा ते दुपारी आमच्याकडे येऊ लागले. महापालिकेने त्यांचं नाव कारागीर म्हणून माझ्या नावाखाली लावलं. पहिल्या सोमवारी मी शाळेत होते. परत आले तेव्हा ते दोघं म्हातारे दोन पाटांवर समोरासमोर बसले होते आणि मधे आमच्या घरातले दोन कप होते. फुलाफुलांचे, कडेला सोनेरी रेघ असलेले, जे आम्ही फक्त पाहुणे आले की कपाटातून काढायचो. बाबा स्वतः चहा करून ट्रे घेऊन चार मजले उतरले होते. मला बाबांनीच एकदा सांगितलं होतं की त्यांच्या आजीच्या घरी चपला शिवणाऱ्या माणसासाठी एक फुटका कप दाराबाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. त्या दिवशी त्यांनी मला फक्त म्हटलं, "साखर संपत आलीय."

तिथून कामाला वेग आला. बाबा चप्पल काढून द्यायचे, काका आरीने तिला चार भोकं पाडायचे, मी ती जाळीवर बसवायची जागा दाखवायची आणि मग काका शिवायचे. शिवायला दोरा कोणता, यावर आमचं बराच वेळ अडलं होतं. तो प्रश्न उत्तनहून आमच्या इमारतीत मासळी घेऊन येणाऱ्या कोळीणबाईंनी सोडवला. त्या पाटी उतरवून आमचं काम बघत उभ्या राहिल्या आणि दोऱ्याचं रीळ हातात घेऊन म्हणाल्या, "खारी हवा हाय, यो दोरा टिकाचा न्हाय." दोन दिवसांनी त्यांनी जाळी विणायचा नायलॉनचा दोरा आणून दिला. तो पुढे शेवटपर्यंत तुटला नाही.

याच सोमवारांमध्ये डाव्या-उजव्याचा वाद सुरू झाला. बाबांच्या लक्षात आलं होतं की डाव्या चपलांचे खण भरून वाहतायत आणि उजव्यांचे अर्धेच आहेत.

"असं कसं?" बाबा म्हणाले. "माणसाला दोन पाय. हरवल्या तर सारख्याच हरवायला हव्यात."

"चिखलात आधी डावा पाय रुततोय," काका म्हणाले.

"कशावरून?"

"उजव्यानं जोर लावून माणूस सुटायला बघतंय, मग डावी राहती तिथंच."

बाबांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की उजव्या चपलाही खाडीत पडल्या असणार, पण त्यांचा आकार असा की ओहोटीबरोबर त्या पलीकडे, नायगावच्या बाजूला लागत असणार. म्हणजे तिकडे कुणी बगळा केला तर तो उजव्या चपलांचा होईल. दोघांनी यावर तीन सोमवार काढले. एकदा बाबा खरंच खाली खाडीवर जाऊन ओहोटीत एक उजवी चप्पल सोडून आले आणि ती कुठं जाते ते बघत तासभर उभे राहिले. ती कुठंही गेली नाही, तिथंच दगडात अडकली. ज्या माणसाला मी दोन वर्षं "जरा खाली फिरून या" म्हणून विनवत होते, तो त्या दिवशी उन्हाने लाल होऊन घरी आला आणि दोन भाकऱ्या जास्त जेवला.

सांगाडा मात्र लोखंडाचा हवा होता. निरीक्षकांच्या ओळखीने काशीमीऱ्याच्या एका गॅरेजमधल्या वेल्डरला तो सांगितला. ट्रकच्या बॉडीचं काम करणारा, चाळिशीचा, बिहारचा माणूस. मी त्याला चित्र काढून दिलं होतं. दोन आठवड्यांनी मी बघायला गेले तेव्हा ट्रकांच्या रांगेमागे लोखंडी बगळा उभा होता. मान सुरेख, छाती सुरेख, पण पायांकडे नजर गेली आणि मी थबकले. एक पाय वाकवलेला हवा होता, तो त्याने माणसासारखा पुढे गुडघा काढून वाकवला होता. बगळा पायऱ्या चढतोय असं वाटत होतं.

"भैया, घुटना उलटा है," मी म्हटलं.

"मॅडम, घुटना तो आगेच मुड़ता है," त्याने स्वतःचा पाय वाकवून दाखवला.

"आदमी का. बगुले का पीछे मुड़ता है."

"जानवर का घुटना पीछे कैसे मुड़ेगा? बैठेगा कैसे वो?"

माझ्या चित्रात पाय बरोबर होता, पण त्याला वाटलं होतं की ती मॅडमची चूक आहे आणि त्याने ती मला न दुखावता दुरुस्त केली होती. शेवटी मी त्याला म्हटलं, चल, दाखवते. त्याने खरंच गॅरेज दुसऱ्यावर सोपवलं आणि मला रिक्षात घेऊन खाडीवर आला. आम्ही काठावर उकिडवे बसलो. बरेच बगळे होते पण सगळे सरळ उभे. पाऊण तास एकही पाय वाकवेना. मग एकाने चिखलातून हळूच पाऊल उचललं, सांधा मागे गेला, पुढे पाय टाकला. वेल्डरने दुसऱ्यांदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं.

"पीछे ही मुड़ता है," तो शेवटी म्हणाला. मग बराच वेळ बसून राहिला. जाताना म्हणाला, "मैं गाँव में रोज़ देखता था मॅडम. कभी देखा नहीं."

पाय त्याने नवे केले. आठवडाभरात सांगाडा टेम्पोतून आमच्याकडे आला आणि जानेवारीभर आम्ही त्याला अंग चढवलं. छातीला मोठ्या चपला, मानेला लहान मुलांच्या, शेपटीला टाचेकडून कापलेल्या. पाय सायकलच्या जुन्या ट्यूब गुंडाळून काळे केले. चोच पिवळ्या सँडलच्या तळव्यांची. सगळं झालं असं वाटत होतं तेव्हा कोळीणबाई पाटी घेऊन आल्या, चारही बाजूंनी फिरून बघितलं आणि म्हणाल्या, "बगला हाय ना? मंग चोचीन मासली का न्हाय?"

बाबांनी 'संशयित' खणातून एक चंदेरी, चमचम करणारी लग्नातली सँडल काढून दिली. डावी की उजवी ते कळत नव्हतं, पण मासळी म्हणून ती अगदी बरोबर होती.

मग अडचण निघाली ती माणसांची. निरीक्षक एका संध्याकाळी कपाळ पुसत आले. म्हणाले, "मॅडम, काम फार छान झालंय. पण कार्यक्रमपत्रिकेत लिहायचं काय? चपलांचा पुतळा म्हटलं की लोकांच्या मनात भलतंच येतं. पाहुण्यांनी चपलांसमोर नारळ फोडायचा म्हणजे..."

त्यांचं चुकत नव्हतं. आपल्याकडे चपलेचा हार म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत आहे. काका दोरा ओवत होते, ते वर न बघता म्हणाले, "साहेब, रोज सकाळी मी दुकान मांडतो तवा आरीला आणि ऐरणीला हात जोडतो. त्याच्यावर चपलाच असत्यात."

निरीक्षकांनी रुमाल खिशात ठेवला. "टाकाऊ रबरातून साकारलेला बगळा, असं लिहू," ते म्हणाले. बाबा म्हणाले, "लिहा काहीही. चपला दिसणारच आहेत." आणि पत्रिकेत खरंच तसंच छापलं गेलं.

अनावरण एका रविवारी सकाळी झालं. बगळा आदल्या दिवशीच क्रेनने चौथऱ्यावर बसवला होता. शाळेतली मुलं, सफाईच्या बायका, आमच्या इमारतीतली बहुतेक माणसं, उत्तनच्या कोळीणबाई नवी साडी नेसून, वेल्डर त्याच्या दोन मित्रांना घेऊन. पाहुणे म्हणून महापालिकेतले कुणी मोठे अधिकारी आणि त्यांच्याबरोबर दहा-पंधरा माणसं होती. त्यांनी बगळा पाहिला आणि ते मनापासून हसले, त्यामुळे निरीक्षकांचा जीव भांड्यात पडला. नारळ फोडायचा होता म्हणून सगळ्यांनी बाजूला जाऊन चपला-बूट काढले. बगळ्याच्या पायाशी, गालिच्याच्या कडेला. मग भाषणं झाली. काकांना शाल मिळाली, ती त्यांनी लगेच घडी करून पिशवीत ठेवली.

चूक माझी होती. कार्यक्रमाआधी मी सफाईच्या दोन बायकांना सांगून ठेवलं होतं, की बगळ्यामागे उरलेल्या चपलांचा ढीग आहे, भाषणं चालू असताना तो गोणीत भरून टाका, फोटोत यायला नको. त्यांनी मनापासून काम केलं. मागचा ढीग भरला, मग फिरून पुढे आल्या, तिथं आणखी चपला दिसल्या, त्याही भरल्या. राष्ट्रगीत संपल्यावर पाहुणे चपला घालायला वळले तर गालिच्याच्या कडेला काहीच नव्हतं.

मग मला गोण्या दिसल्या. दोन गोण्या गच्च भरून, तोंड बांधून गाडीजवळ ठेवलेल्या. निरीक्षक रुमाल काढायचंही विसरले.

बाबा पुढे झाले. त्यांनी दोन्ही गोण्या गालिच्यावर रिकाम्या करायला सांगितल्या आणि खाली मांडी घातली. "घाबरू नका," ते मोठ्याने म्हणाले, आणि मग लोकांसाठी हिंदीत, "घाबरो मत है. धुतलेली ती खाडीची. धूळवाली तुम्हारी." आणि त्यांचे हात चालू झाले. धुतलेली मागे, धुळीची पुढे. डावी इकडे, उजवी तिकडे. चकचकीत काळे बूट, कोल्हापुरी, मुलांचे पांढरे कॅनव्हास. काका त्यांच्याशेजारी बसले, त्यांनी जोड्या लावल्या आणि एका कोल्हापुरीचा अंगठा सुटला होता तो जाता जाता शिवूनही टाकला. दहा मिनिटांत जवळजवळ प्रत्येकाला आपापलं मिळालं. पाहुण्या साहेबांचा बूट सगळ्यांत शेवटी निघाला. बाबांनी तो दोन्ही हातांनी पुढे केला, जसं कधीकाळी एखादं रजिस्टर पत्र दिलं असेल.

"तुम्ही पूर्वी काय करत होता?" साहेबांनी विचारलं.

"पोस्टात होतो," बाबा म्हणाले. साहेब परत हसले आणि मग सगळे हसायला लागले.

एकच माणूस अनवाणी राहिला, तो माझा नवरा. त्याच्या हवाई चपला पांढऱ्या होत्या आणि आदल्याच दिवशी मी त्या घासल्या होत्या. बाबांनी त्या खाडीच्या ढिगात टाकल्या असणार. तो तसाच घरी चालत आला.

पुढची तीन-चार वर्षं बगळा तिथं होता. संध्याकाळी लोक त्याच्या चौथऱ्यावर बसून भेळ खात. कधी कधी कुणीतरी बोटाने दाखवून म्हणायचं, ती तिसऱ्या रांगेतली माझी आहे, गणपती विसर्जनाला गेली होती. बाबा जवळपास असले तर विचारायचे, "ओळख काय?" कचरा टाकणं थांबलं का, हे लोक मला विचारतात. थांबलं नाही. पण त्या बगळ्याच्या आजूबाजूला दहा-बारा पावलं मात्र कुणी टाकत नसे, हे मी बरेच दिवस लक्ष ठेवून पाहिलं आहे.

बाबांना सोमवारची इतकी सवय झाली की काम संपल्यावर ते स्वतःच स्टेशनकडे जायला लागले. काकांच्या पेटीशेजारी एक स्टूल आलं. तिथं ते काकांच्या घरी पाठवायची पत्रं लिहून देत, रिक्षावाल्यांशी बोलत. त्यांचं हिंदी सुधारलं असं नाही. त्यांनी फक्त लाजणं सोडलं.

चौथ्या पावसाळ्यानंतर रबर तडकायला लागलं. तेवढ्यात काठावर नवा रस्ता आणि कठडा बांधायचं ठरलं आणि बगळा उतरवावा लागला. मला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. चपला तोपर्यंत पुन्हा चपलांसारख्या दिसायला लागल्या होत्या. सांगाडा भंगारात जाणार होता. वेल्डरला कळलं तेव्हा त्याने निरीक्षकांकडे रीतसर अर्ज देऊन तो मागून घेतला.

काही महिन्यांनी त्याने निरोप पाठवला, की या आणि बघा. मी, बाबा आणि काका रिक्षाने काशीमीऱ्याला गेलो. हायवेच्या कडेला, गॅरेजच्या दारात लोखंडी बगळा उभा होता, ट्रकच्या रंगांत रंगवलेला. मानेवर पिवळ्या वेली, छातीवर लाल कमळ, पंखांवर हिरवे-निळे पट्टे. वाकवलेल्या पायावर त्याने सगळ्यांत जास्त मेहनत घेतली होती आणि चोचीला पंक्चर काढायला आलेल्या ट्यूब टांगल्या होत्या.

काकांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. बाबा छत्रीवर रेलून उभे होते. ट्रक जात होते, धूळ उडत होती, एक ड्रायव्हर उतरून बगळ्याच्या चोचीतली आपली ट्यूब काढून घेऊन गेला.

"चला," बाबा म्हणाले, "नोकरीला लागला म्हणायचा."

वेल्डरने आम्हाला आत बोलावलं, टायरवर बसवलं आणि चहा सांगितला.